राखाडी चौकटीतलं वाक्य

नानांचा फोन आला तेव्हा मी चौकटींबद्दलची सातवी सूचना लिहीत होते. आधीच्या सहा कोणी पाळल्या नव्हत्या, म्हणून ही जरा कडक भाषेत होती. 'कोडशिवाय दुसरे काहीही चौकटीत टाकल्यास प्रश्न काढून टाकण्यात येईल,' इथपर्यंत आले होते.

"ताई, मन्हं नाव काढी टाका," नाना म्हणाले. "आते मी उत्तर देवाव नही."

मी टाइप करणं थांबवलं. नाना माझ्याशी कायम शुद्ध मराठीत बोलतात. धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात ते टेलिफोन ऑपरेटर होते, नोकरीभर. 'नमस्कार, कोणाशी बोलायचं आहे?' हे वाक्य त्यांच्या जिभेला असं बसलंय की घरच्या फोनवरही तेच येतं. ते अहिराणीत बोलले म्हणजे काहीतरी मोठं बिनसलं होतं.

आधी साइटबद्दल सांगते. जळगावात आमचं लहानसं सॉफ्टवेअर ऑफिस आहे. कॉलेजांना लागणारी सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. आमचे बॉस चौधरी सर. त्यांनी खानदेशातल्या मुलांसाठी एक फुकट साइट काढली. प्रोग्रामिंग शिकताना अडलं की तिथे मराठीत प्रश्न टाकायचा आणि जाणकारांनी उत्तर द्यायचं. ती साइट मी बांधली आणि मीच सांभाळते. माझ्या पदाला मॉडरेटर म्हणतात. प्रत्यक्षात काम यात्रेत शिट्टी वाजवत गर्दी हटवणाऱ्याचं.

उत्तर देणारे बरेच होते, पण टिकणारे थोडे. त्यात नाना पहिले. ते जन्मापासून अंध आहेत. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी स्क्रीन रीडर शिकून घेतला. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. पुढे त्याच्यावरच ते प्रोग्रामिंग शिकले, डेटाबेस शिकले, आणि रिटायर झाल्यावर आमच्या साइटवर आले. कोणाचा प्रश्न कितीही बाळबोध असो, नाना त्याला 'आपण' म्हणून उत्तर लिहायचे. एखाद्या पोराने तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तर मी तो बंद करायचे आणि नाना त्याला चौथ्यांदा समजावायचे. मीच त्यांच्याकडून डेटाबेसच्या निम्म्या गोष्टी शिकले. हे त्यांना सांगितलं की म्हणायचे, मी काय, नुसतं कनेक्शन जोडून देतो.

आता चौकट. प्रोग्रामिंगच्या कुठल्याही साइटवर कोड लिहायला एक राखाडी चौकट असते. कोडमध्ये एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी बिघडतं, म्हणून चौकटीत लिहिलेलं जसंच्या तसं राहतं. सगळी अक्षरं सारख्या रुंदीची, आणि ओळ कितीही लांब असली तरी ती खालच्या ओळीवर येत नाही. मोबाईलवर वाचायचं तर बोटाने बाजूला सरकवत बसावं लागतं. कोडसाठी हे सोयीचं. 'मी शिरपूर येथे दुसऱ्या वर्षाला आहे व मला खालील अडचण आहे,' असल्या वाक्यासाठी ती शिक्षा आहे.

आणि आमची मुलं नेमकं तेच करायची. महत्त्वाचा शब्द चौकटीत. सरांचं नाव चौकटीत. 'कृपया लवकर सांगा' हेही चौकटीत. एकाने तर 'नमस्कार' चौकटीत घालून खरा कोड बाहेर मोकळा सोडला होता. मला त्या पानांकडे बघवायचं नाही. मी सूचना लिहिल्या, त्या लाल केल्या, मग मोठ्या केल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चौधरी सरांकडे तक्रार केली तर ते म्हणाले, "महाजन मॅडम, पोरं प्रश्न विचारू लागली हेच काय कमी आहे?" सरांना साइटवर माणसं मोजायला आवडतात. मला रांग सरळ असलेली आवडते.

तर नानांचा फोन. मी त्यांना म्हटलं, आधी काय झालं ते सांगा. त्यांनी सांगितलं ते असं.

शिरपूरला शिकणाऱ्या सुनीता नावाच्या एका मुलीचा प्रश्न आला होता. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावची. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिने घरोघर जाऊन यादी केली होती: कोणाच्या घरी कुठलं जुनं बियाणं जपून ठेवलंय. ज्वारी, भगर, उडीद, जे जे पावसाच्या पाण्यावर येतं ते. यादी डेटाबेसमध्ये भरताना चुकून दोनदा भरली गेली आणि प्रत्येक नोंद दोन-दोन वेळा दिसू लागली. जास्तीच्या नोंदी कशा काढू, असा तिचा प्रश्न.

नानांनी सोपा रस्ता सांगितला. पायरी एक, सगळा तक्ता रिकामा करा. पायरी दोन, मूळ फाइल एकदाच पुन्हा भरा. नव्वद टक्के वेळा मीही हेच सांगितलं असतं. मुलीने पहिली पायरी केली. आणि खाली कॉमेंट लिहिली. नानांनी ती मला तोंडपाठ म्हणून दाखवली: 'सर, यादी रिकामी झाली. मूळ फाइल नाही, ते मी चौकटीत लिहिलं होतं. आपला वेळ घेतला, माफ करा. धन्यवाद.'

"त्या पोरनं बठ्ठं गयं, सगळंच गयं," नाना म्हणाले, "आनि ती माले धन्यवाद लिखी राहिनी."

मी तोवर तो प्रश्न उघडला होता. मधोमध राखाडी चौकट होती आणि तिच्यात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: 'ज्या मोबाईलमध्ये मूळ फाइल होती तो पाण्यात पडला. ही एकच प्रत आहे. तीन पाड्यांवर पायी फिरून गोळा केली आहे.' खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की नानांचं वय झालं. एवढं ठळक लिहिलेलं त्यांनी सोडलंच कसं? तसं मी बोलले नाही. फक्त म्हटलं, नाना, चौकटीत तर लिहिलंय तिने.

ते पुन्हा शुद्ध मराठीत म्हणाले, "ताई, कुठली चौकट?"

मी त्यांना पाच मिनिटांत परत फोन करते म्हणाले. माझ्या कॉम्प्युटरवर नानांचाच स्क्रीन रीडर टाकला, हेडफोन लावले आणि सुनीताचा प्रश्न वाचायला लावला. आवाज आला: 'माझ्या यादीत प्रत्येक नोंद दोनदा आली आहे.' मग एक क्षण शांतता. मग: 'जास्तीच्या नोंदी कशा काढू?' मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. चौकटीच्या जागी काहीच नाही. अडखळणं नाही, घरघर नाही. ज्याला दिसत नाही त्याला तिथे काही होतं हे कळायचं कारणच नव्हतं.

हे का झालं ते मला लगेच कळलं, कारण ते मीच केलं होतं. वर्षभरापूर्वी नानांनी तक्रार केली होती की मराठी आवाज कोड वाचतो तेव्हा एक अक्षर धड कळत नाही. मी साइटमध्ये एक ओळ घातली: चौकट आली की इंग्रजी आवाज बोलेल. नाना खूश झाले होते. मीही स्वतःवर खूश होते. पण इंग्रजी आवाजाला देवनागरी येत नाही, ती दिसली की तो नुसता पुढे जातो. चौकटीत मराठी कोणी लिहिणार नाही हे मी गृहीत धरलं होतं. म्हणजे वर्षभर आमच्या मुलांनी जे जे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून चौकटीत घातलं, ते ते सोडून बाकीचं नानांना ऐकू येत होतं. आणि मी वर्षभर ओरडत होते ते कशासाठी, तर पान वाईट दिसतं म्हणून. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातली गत.

फोन करून मी नानांना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, तुमची नाही, असं स्पष्ट म्हटलं. वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल.

"तुमची असेल," ते म्हणाले. "पण ऑपरेटर नंबर विचारल्याशिवाय लाइन जोडत नाही. प्रत आहे का, एवढं मी विचारायला हवं होतं. न इचारता जोडी दिन्ही मी. आणि याच्याआधी किती जणांची तशी जोडली, देव जाणे." त्यांनी फोन ठेवला. मी त्यांचं नाव काढलं नाही, पण त्या दिवसापासून नानांची उत्तरं बंद झाली.

मी चौधरी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, आजच्या आज चौकटीत मराठी टाइप करणंच बंद करते, अक्षर उमटणारच नाही.

"करा," सर म्हणाले. "मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितील."

"मग इंग्रजी आवाज निदान काहीतरी वाचेल."

"काय वाचेल ते मला ऐकवा," सर म्हणाले.

मी बंदी घातली. दुपारपर्यंत चौकटीत 'krupaya' आणि 'mahatvache' उमटू लागलं आणि इंग्रजी आवाजाने ते जे काही म्हटलं ते नानांना तर सोडाच, मलाही कळलं नाही. सर बरोबर निघाले. ते बऱ्याचदा निघतात आणि मला ते फारसं आवडत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलं चौकट का करतात, हे कोणाला विचारलंत का?" विचारलं नव्हतं. सात सूचना लिहिल्या होत्या, विचारलं एकालाही नव्हतं. मी सुनीताला साइटवरून निरोप पाठवला, भेटायला येऊ का, आणि तिचं हो आल्यावर चार दिवसांनी सकाळी चोपड्यावरून जाणारी शिरपूरची एसटी धरली.

सुनीता कॉलेजच्या लॅबबाहेर उभी होती. अंगाने बारीक, हातात वही छातीशी धरलेली. साइटवरून मॅडम आल्या म्हणजे रागवायलाच, अशा तयारीने आली होती. मी काही बोलायच्या आधीच तिने माफी मागितली. मीही मागितली. दोघी एकमेकींची माफी मागतोय हे बघून शिपाईमामांनी आम्हाला बसायला खुर्च्या आणून दिल्या.

मी विचारलं, तुझ्याकडे फाइल नव्हती, तर तू तक्ता रिकामा का केलास?

"सरांनी वाचलं असेलच ना," ती म्हणाली. "मी चौकट केली होती. चौकटीतलं मोठी माणसं आधी वाचतात. म्हणजे फाइल नाही हे त्यांना माहीत आहे, आणि तरी सांगतायत, म्हणजे पुढे काही मार्ग असेल."

मी चौकटीचंच विचारलं. असं कोणी शिकवलं?

तिने वही उघडून माझ्यापुढे धरली. पानोपानी पेन्सिलने, पट्टी लावून आखलेल्या चौकटी. गणिताचं उत्तर चौकटीत. व्याख्या चौकटीत. आश्रमशाळेतल्या बाईंची शिकवण होती की तपासणारा दमलेला असतो, शेकडो पेपर असतात त्याच्यापुढे, त्याला शोधायला लावू नका, जे महत्त्वाचं ते चौकटीत द्या. साइटवर चौकटीचं बटण दिसलं तेव्हा सगळ्या वर्गाला वाटलं, हे त्यासाठीच असणार. "उत्तर देणाऱ्याला त्रास नको म्हणून करतो आम्ही, मॅडम," ती म्हणाली.

मी जळगावजवळच्या असोद्याची. आमच्या शाळेतही हेच होतं. दहावीत माझ्या उत्तरपत्रिकेत एकही उत्तर बिनचौकटीचं नव्हतं, आणि पट्टी विसरले म्हणून एकदा मी कंपासपेटीच्या झाकणाने रेघा मारल्या होत्या. एवढं सगळं विसरून मी या मुलांना बेशिस्त म्हणत होते. त्यांची ती शिस्तच होती, माझ्याच शाळेतली. मला लाज वाटली. तिला तसं सांगितलंही, आणि नानांना दिसत नाही, तिची चौकट त्यांच्या कानांपर्यंत पोचलीच नव्हती, हेही सांगितलं.

यादीचं विचारलं तर म्हणाली, दोन पाडे पुन्हा झाले. आईला कोणाच्या घरात कुठलं बी आहे ते पाठ आहे, आईने सांगितलं, हिने टाइप केलं. तिसरा पाडा लांब आहे, रविवारी जाणार. पण या खेपेलाही घाईत भरताना काही नोंदी दोनदा गेल्यात आणि आता तिला हात लावायची भीती वाटत होती. साइटवर विचारायचीही.

मग मी एक गोष्ट केली, जी कुठल्याही सूचनेत बसत नाही. तिला लॅबमधल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं, नानांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, नाना, सुनीता तुमच्याशी बोलतेय. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, ठेवला. सुनीता माझ्याकडे बघायला लागली. मी तिला खुणेने म्हटलं, बोल.

"नाना, मी ते चौकटीतलं वाचून दाखवू का?" ती म्हणाली. आणि उत्तराची वाट न बघता तिने वाचलं. मोबाईल पाण्यात पडला. एकच प्रत आहे. तीन पाड्यांवर पायी फिरले. शाळेत धडा वाचावा तसं, सावकाश. मग तिने तिचा प्रश्न विचारला, पुन्हा पहिल्यापासून.

आयुष्यभर ज्या माणसाने समोरून आवाज आला की लाइन सोडली नाही, त्याला आताही ती सोडणं जमलं नाही. नानांनी घसा खाकरला.

"आधी सांग बेटा, दुसरी प्रत शे का?"

"नाही नाना."

"मंग हात लावू नको. आधी प्रत करू. मी सांगतो तसं कर."

पाऊण तास ते तिला सांगत होते. आधी प्रत केली, ती उघडून बघायला लावली, तिच्यातल्या नोंदी मोजायला लावल्या. मगच जास्तीच्या नोंदी काढायची आज्ञा सांगितली, आणि तीही मूळ तक्ता रिकामा न करता, एकसारख्या नोंदींतली एक ठेवून दुसरी काढणारी. सुनीता एकेक ओळ टाइप करून मोठ्याने वाचत होती. शेवटी ती म्हणाली, "झालं नाना. एकेकच उरली." मग तिने पुन्हा मोजलं आणि ती रडली. मीही थोडी रडले. लॅबमध्ये शांतता राखावी असा बोर्ड होता, रडताना तेवढं त्याचं आम्ही पालन केलं.

परतताना एसटीत मला समजलं होतं काय करायचं. मुलांची चौकट काढून घ्यायची नाही. त्यांना त्यांची चौकट द्यायची, दुसरी.

आता आमच्या साइटवर लिहिताना पहिलंच बटण आहे 'महत्त्वाचं'. ते दाबून लिहिलं की त्या मजकुराला पिवळी चौकट येते, ओळी नीट खाली उतरतात, आणि स्क्रीन रीडर त्याच्याआधी 'महत्त्वाचं' म्हणतो, नंतर 'संपलं' म्हणतो, सगळं मराठी आवाजात. राखाडी चौकटीचं बटण दुसरं, त्यावर 'फक्त कोड' असं लिहिलंय. राखाडीत कोणी मराठी वाक्य लिहू लागलं, देवनागरीत किंवा इंग्रजी अक्षरांत, तर साइट रागवत नाही. विचारते, 'हे महत्त्वाचं आहे का? पिवळ्यात टाकू?' आणि हो म्हटलं की स्वतःच टाकते. कोडमध्ये कधी खरोखर मराठी शब्द लागतो, म्हणून नाही म्हणायचीही सोय आहे, आणि आवाज आता तो शब्द गाळत नाही. लाल सूचना मी सगळ्या काढून टाकल्या. चौधरी सरांनी नवं पान बघितलं आणि म्हणाले, आता जरा माणसांची साइट वाटतेय. आधी कोणाची वाटत होती ते मी विचारलं नाही.

बटण तयार झाल्यावर तपासायला मी नानांनाच दिलं. त्यांनी तीन चुका काढल्या, तिन्ही बरोबर होत्या. मग मी भीत भीत विचारलं, तुमचं नाव अजून साइटवर आहे, काढू का? ते म्हणाले, "राहू द्या. पण एक काम करा. मी उत्तर लिहायला घेतलं की साइटने आधी मला विचारायचं, प्रत आहे का हे विचारलं का म्हणून." ते मी केलं. आता ती आठवण सगळ्याच उत्तर देणाऱ्यांना दिसते. मलाही.

राखाडी चौकटीत मराठी वाक्य आता क्वचित येतं. तक्रार नव्या बाजूने सुरू झालीय: काही मुलं अख्खा प्रश्नच पिवळ्यात लिहितात, कारण त्यांच्या मते सगळंच महत्त्वाचं आहे. नाना ते सगळं ऐकतात, 'महत्त्वाचं'पासून 'संपलं'पर्यंत, आणि उत्तर देतात. सुनीताचा प्रोजेक्ट पूर्ण झाला. तिसऱ्या पाड्यावरच्या यादीसकट आता तिच्याकडे तीन प्रती आहेत, त्यातली एक धुळ्यात नानांकडे असते.

मी या दोघांची ऋणी आहे. नाना सोडून गेले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता, आणि सुनीताने साइटला शिव्या घातल्या असत्या तरी ते योग्यच ठरलं असतं. दोघांनी तसं केलं नाही. एकीने पुन्हा विचारलं आणि दुसऱ्याने पुन्हा उत्तर दिलं, माझी साइट त्यावर उभी आहे.

नव्या मॉडरेटरना मी एकच गोष्ट सांगते. लोक एखादी चुकीची गोष्ट सगळे मिळून, नेमाने, पट्टी लावून करत असतील, तर सूचना लिहू नका. जाऊन विचारा. शिरपूरला सकाळी एसटी आहे.